अनोळखी खेळांच्या स्पर्धेसाठी प्लेअर बांधताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

जनरल गेम प्लेइंग, म्हणजे जीजीपी, या प्रकारच्या स्पर्धेत आपल्या प्रोग्रामला, म्हणजे प्लेअरला, कोणता खेळ खेळायचा आहे हे सामना सुरू होईपर्यंत कळत नाही. नियम आयत्या वेळी हातात पडतात, ते पचवायला थोडा वेळ मिळतो आणि मग प्रत्येक चालीला मोजके सेकंद. मध्ये माणसाने हात लावायचा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २००५ साली एएएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील परिषदेत पहिली स्पर्धा भरवली, तेव्हापासून सामन्याचा हा साचा कायम आहे.

नव्याने उतरणारे बहुतेक जण एकाच जागी चुकतात. ते शोधाच्या अल्गोरिदमपासून सुरुवात करतात. मॉन्टे कार्लो वृक्षशोध (यादृच्छिक डाव खेळवून चांगली चाल शोधण्याची पद्धत) लिहून होतो, फुली-गोळ्यात झकास चालतो, आणि खऱ्या सामन्यात तिसऱ्याच चालीला उत्तर उशिरा जाते किंवा नियमबाह्य चाल जाते. तिथे तुमचा शोध कितीही हुशार असला तरी त्याचा उपयोग शून्य. म्हणून खालचा क्रम रटाळ वाटणाऱ्या कामापासून सुरू होतो. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा १: नियम आधी कागदावर सोडवा

नियम जीडीएल नावाच्या तर्कभाषेत येतात. तिचे राखीव शब्द मोजके आहेत. रोल म्हणजे खेळाडू कोण, इनिट म्हणजे सुरुवातीला काय खरे आहे, ट्रू म्हणजे आत्ता काय खरे आहे, लीगल म्हणजे कोणाला कोणती चाल करता येते, डज म्हणजे कोणी कोणती चाल केली, नेक्स्ट म्हणजे पुढच्या क्षणी काय खरे असेल, टर्मिनल म्हणजे डाव संपला का, आणि गोल म्हणजे कोणाला ० ते १०० पैकी किती गुण. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगायला डिस्टिंक्ट आहे. बेस आणि इनपुट हे आणखी दोन शब्द टप्पा ४ मध्ये लागतील.

कोड लिहिण्याआधी फुली-गोळ्याचे नियम घ्या आणि पहिल्या दोन चाली कागदावर हाताने सोडवा. तासाभराचे काम आहे, पण पुढचे कित्येक दिवस वाचतात. हे करताना तीन गोष्टी लक्षात येतील, आणि नेमक्या याच तीन गोष्टींवर लोक अडखळतात.

पहिली: जे सिद्ध होत नाही ते खोटे. मागच्या क्षणी एखाद्या घरात फुली होती म्हणून पुढच्या क्षणी ती आपोआप टिकत नाही. ‘भरलेले घर भरलेलेच राहते’ हा नियमसुद्धा नेक्स्टने लिहिलेला असतो आणि तो दर चालीला नव्याने लागू करावा लागतो. जुन्या स्थितीची प्रत काढून तिच्यात बदल करणारा कोड म्हणून चुकतो. नवी स्थिती दर वेळी रिकाम्या पाटीवर मांडायची.

दुसरी: प्रत्येक खेळाडू प्रत्येक वेळी चाल करतो. ज्याची पाळी नाही त्याच्यासाठी ‘काही न करणे’ ही चाल नियमांतच दिलेली असते, तिला बहुधा नूप म्हणतात. ‘पाळी’ ही कल्पना भाषेत नाही. ती खेळाच्या नियमांनी बनवलेली असते, एकाच वेळी चाली करायच्या खेळांत ती नसतेच.

तिसरी: नावांना अर्थ नाही. स्पर्धेत राखीव शब्द सोडून बाकी सगळी नावे विस्कटून दिली जातात. ‘घर’, ‘सोंगटी’, ‘राजा’ असे शब्द शोधून काही ओळखण्याचा कोड लिहिला असेल तर तो आत्ताच काढून टाका.

तपासणी: फुली-गोळ्याच्या नेहमीच्या जीडीएल नियमांत सुरुवातीच्या स्थितीत १० तथ्ये असतात, ९ रिकामी घरे आणि पाळी कोणाची ते एक. फुलीवाल्याला ९ चाली, गोळेवाल्याला फक्त नूप. कागदावर एवढेच आले पाहिजे.

## टप्पा २: फक्त नियमात राहणारा प्लेअर

आता असा प्लेअर लिहा जो काहीच विचार करत नाही. संदेश येतो, तो कोणतीही एक कायदेशीर चाल वेळेत परत पाठवतो. बस. हा पाया एकदा पक्का झाला की पुढे काहीही बिघडले तरी त्यावर परतता येते.

स्पर्धा चालवणारा गेम मॅनेजर आणि तुमचा प्लेअर एचटीटीपीवरून बोलतात. तुमचा प्रोग्राम इथे सर्व्हर असतो, तो एका पोर्टवर ऐकत बसतो. मुख्य संदेश तीन. स्टार्ट संदेशात सामन्याची ओळख, तुमची भूमिका, सगळे नियम आणि दोन घड्याळे येतात. स्टार्टक्लॉक म्हणजे सुरुवातीच्या तयारीचे सेकंद, प्लेक्लॉक म्हणजे दर चालीचे सेकंद. त्याला उत्तर ‘रेडी’. मग दर फेरीला प्ले संदेश येतो, त्यात मागच्या फेरीत सगळ्यांनी केलेल्या चाली असतात, आणि उत्तरात तुमची चाल जाते. शेवटी स्टॉप, त्याला उत्तर ‘डन’. याखेरीज तुम्ही मोकळे आहात का हे विचारणारा इन्फो आणि सामना मध्येच मोडणारा अबॉर्ट असतो. त्यांनाही उत्तर द्यायला विसरू नका.

इथल्या चुका छोट्या दिसतात आणि सामना घालवतात:

- पहिल्या प्ले संदेशात चाली नसतात. तिथे निल, म्हणजे ‘काही नाही’, येते. त्यावर स्थिती पुढे सरकवायची नाही, सुरुवातीच्याच स्थितीवरून चाल द्यायची.
- चालींचा क्रम भूमिकांच्या क्रमाने असतो. नियमांत भूमिका ज्या क्रमाने जाहीर झाल्या, त्याच क्रमाने. ‘पहिली चाल माझी’ असे धरून चालणारा प्लेअर पहिल्या भूमिकेत बरोबर खेळतो आणि दुसऱ्या भूमिकेत बसवला की बिघडतो. चाचणी एकाच भूमिकेत घेतली तर हे महिनोन्महिने कळत नाही.
- स्टॉपमध्येही शेवटच्या चाली असतात. त्या लावल्याशिवाय अंतिम स्थिती आणि गुण तुमच्या नोंदीत येणार नाहीत.
- कंसांकडे लक्ष द्या. ज्या चालीला घटक आहेत ती कंसात, नुसते नूप असेल तर कंसाशिवाय. शिवाय अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपात फरक मानू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. तुमचे उत्तर उशिरा पोहोचले किंवा नियमात बसले नाही तर गेम मॅनेजर तुमच्या वतीने एक कायदेशीर चाल निवडून सामना पुढे नेतो. म्हणजे तुम्ही पाठवलेली चाल आणि पटावर झालेली चाल या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जो प्लेअर स्वतःची चाल मनाशी धरून स्थिती पुढे नेतो, तो एका उशिरा गेलेल्या उत्तरानंतर वेगळ्याच पटावर खेळू लागतो, आणि मग त्याची प्रत्येक चाल नियमबाह्य ठरते. एका चालीचा तोटा झाला असता, तिथे अख्खा सामना जातो.

इशारा: स्थिती नेहमी मॅनेजरकडून आलेल्या चालींवरूनच पुढे न्या. स्वतःच्या स्मरणावर कधीही नाही.

तपासणी: प्लेअरला मुद्दाम एका चालीला प्लेक्लॉकपेक्षा जास्त वेळ झोपवा. पुढच्या फेरीपासून तो पुन्हा कायदेशीर चाली देतो का? देत नसेल तर इथेच थांबून दुरुस्त करा. जावात लिहिलेला जीजीपी-बेस हा खुला संच यासाठी उपयोगी पडतो, त्यात सामना चालवणारा सर्व्हर तयार मिळतो.

## टप्पा ३: तर्कयंत्र बरोबर आहे याची खात्री

नियमांवरून लीगल, नेक्स्ट, टर्मिनल, गोल काढणारा भाग म्हणजे तर्कयंत्र. ते प्रोलॉग या तर्काधारित प्रोग्रामिंग भाषेवर बांधा, तयार घ्या किंवा स्वतः लिहा, पण त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याला छळा. माझ्या मते संपूर्ण तयारीतला निम्मा वेळ या टप्प्यावर खर्च होणे योग्य आहे. शोधातली चूक तुम्हाला कमकुवत करते, तर्कयंत्रातली चूक तुम्हाला दुसराच खेळ खेळायला लावते.

नकार असलेल्या अटी सर्वात जास्त फसवतात. ‘या घरात फुली नाही’ हे तपासताना ‘हे घर’ कोणते ते आधी ठरलेले असले पाहिजे. चल (व्हेरिएबल) मोकळा, म्हणजे किंमत न ठरलेला, असताना नकार तपासला तर प्रश्नाचा अर्थच बदलतो. तो ‘कुठल्याच घरात फुली नाही’ असा होतो. जीडीएलचे सुरक्षिततेचे बंधन असे आहे की नकारातला प्रत्येक चल नियमातल्या एखाद्या होकारी अटीत आलेला असतो. पण ती अट नकाराच्या आधीच लिहिलेली असेल याचा भरवसा धरू नका. नियम वाचल्यावर अटींचा क्रम स्वतः लावून घ्या, आधी होकारी, मग नकार आणि डिस्टिंक्ट.

पुनरावर्ती नियमही असेच. एक घर दुसऱ्याला जोडलेले, दुसरे तिसऱ्याला, म्हणून पहिले तिसऱ्याला, अशा संबंधात फिरून त्याच प्रश्नावर येता येते. साध्या उलट शोधात, म्हणजे प्रश्नाकडून मागे नियमांकडे जाताना, प्रोग्राम तिथे अडकून पडतो. एका प्रश्नात असताना तोच प्रश्न पुन्हा आला तर ते ओळखण्याची सोय ठेवा.

तिसरा धोका स्मृतीतल्या साठ्याचा. मोजणीसाठी लिहिलेला ‘एकानंतर दोन’ असा संबंध कधीच बदलत नाही, तो एकदा काढून ठेवता येतो. पण ज्याच्या मुळाशी कुठेही ट्रू किंवा डज आहे ते उत्तर पुढच्या स्थितीत शिळे असते. एखादा संबंध चार पायऱ्या खाली जाऊन ट्रूवर टेकलेला असतो आणि वरून तसे दिसत नाही. अवलंबनाचा आलेख काढून ठरवा, नजरेने नाही.

आणि दुहेरी उत्तरे. एकच चाल दोन वेगळ्या नियमांनी सिद्ध होऊ शकते. यादीत ती दोनदा आली तर यादृच्छिक डावांत तिला दुप्पट संधी मिळते. चाली आणि तथ्ये दोन्ही संच म्हणून ठेवा. स्थितींची तुलनाही क्रमावर अवलंबून नको, नाहीतर तीच स्थिती वेगळी समजून साठवली जाईल.

तपासणी: फुली-गोळ्याचे सगळे डाव शेवटापर्यंत मोजा. एकूण २,५५,१६८ आले पाहिजेत. पाचव्या चालीला संपणारे १,४४०, सहाव्याला ५,३२८, सातव्याला ४७,९५२, आठव्याला ७२,५७६ आणि नवव्याला १,२७,८७२. वेगवेगळ्या स्थिती ५,४७८. आकडा जास्त आला तर बहुधा दुहेरी चाली किंवा टर्मिनल चुकले आहे. डाव बरोबर आणि स्थिती जास्त असतील तर तुलनेत घोळ आहे.

एका खेळावर समाधान मानू नका. निरनिराळ्या धाटणीच्या खेळांवर यादृच्छिक डाव चालवा आणि प्रत्येक पायरीला आपले उत्तर दुसऱ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या तर्कयंत्राशी ताडून पाहा. जीजीपी-बेसमधला प्रूव्हर, म्हणजे त्याचे तर्कयंत्र, त्यासाठी चालतो. फरक दिसला की तो डाव जपून ठेवा आणि दुरुस्तीनंतर दर वेळी पुन्हा चालवा.

## टप्पा ४: वेग

बरोबर असलेले तर्कयंत्र बहुधा मंद असते. रूढ उपाय म्हणजे प्रॉपनेट. नियमांतले सगळे चल आधीच शक्य त्या किमतींनी भरून टाकायचे आणि ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशा तर्कदारांचे (लॉजिक गेट) एक जाळे बनवायचे. स्थितीची तथ्ये आणि चाली एका टोकाला भरल्या की दुसऱ्या टोकाला पुढची स्थिती, कायदेशीर चाली आणि गुण मिळतात. बेस आणि इनपुट हे शब्द इथे कामाला येतात. कोणती तथ्ये आणि कोणत्या चाली मुळात शक्य आहेत याची यादी त्यांतून मिळते.

तीन खबरदाऱ्या घ्या. जाळे फुगू शकते. पाच-सहा चल असलेला एकच नियम लाखो गाठी तयार करतो आणि स्टार्टक्लॉक तिथेच संपते. म्हणून जाळे वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यावर, बांधा, तोवर मंद तर्कयंत्राने खेळत राहा आणि जाळे तयार झाले की त्यावर या. कधीच तयार झाले नाही तरी सामना चालला पाहिजे.

दुसरी, नव्या स्थितीकडे जाताना आधीच्या चालींचे आणि तथ्यांचे दिवे बंद झाले आहेत ना ते पाहा. फक्त बदललेला भाग पुढे ढकलणारे जाळे फार वेगवान असते, पण एखादी गाठ चुकून चालू राहिली तर चूक दहा पायऱ्यांनंतर उगवते. तिसरी, इनिटची गाठ फक्त पहिल्या क्षणापुरतीच खरी.

तपासणी: टप्पा ३ मधली सगळी मोजणी आणि जपून ठेवलेले डाव जाळ्यावर पुन्हा चालवा. मग त्याच खेळावर सेकंदाला किती पूर्ण डाव होतात ते आधीच्या तर्कयंत्राशी ताडा. वेग वाढला नसेल तर वाढीव गुंतागुंत ठेवू नका.

## टप्पा ५: आता शोध

इथवर आलात की मॉन्टे कार्लो वृक्षशोध लिहायला फारसा वेळ लागत नाही. कठीण भाग असतो तो मनात घट्ट बसलेली गृहीतके सोडण्याचा.

आधी खेळाडू मोजा. भूमिका एकच असेल तर ते कोडे आहे. कोड्यात सरासरी गुण दिशाभूल करतात, कारण १०० गुणांची एकच वाट असू शकते आणि तिच्या आजूबाजूचे सगळे डाव शून्याचे. अशा वेळी पद्धतशीर खोल शोध घ्या, भेटलेल्या स्थिती लक्षात ठेवा. यादृच्छिक डावातही १०० गुण मिळाले तर ती चालींची माळ लगेच जपून ठेवा आणि पुढे जसीच्या तशी खेळा. शंभर सापडल्यावर ते हरवणे ही अगदी टाळता येण्याजोगी चूक आहे.

प्रतिस्पर्धी तुमच्या वाइटावर असतोच असे नाही. बुद्धिबळाच्या सवयीने लोक ‘माझे जितके कमी तितके त्याचे जास्त’ असे धरतात. जीडीएलमध्ये प्रत्येकाचे गुण वेगळे असतात, दोघांनाही १०० मिळू शकतात, तिघे-चौघेही असू शकतात. वृक्षाच्या प्रत्येक गाठीवर प्रत्येक भूमिकेचे सरासरी गुण वेगळे ठेवा आणि प्रत्येक भूमिका स्वतःचे गुण वाढवायला बघते असे धरा.

एकत्र, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी करायच्या, चालींचा विचार करा. दगड-कागद-कात्रीसारख्या खेळात समोरच्याची चाल आधी दिसली असे वृक्षाने समजले तर तो भलत्या आत्मविश्वासाने खेळतो. सोपा आणि चालणारा मार्ग हा की प्रत्येक भूमिकेने आपापल्या चालींची आकडेवारी पाहून स्वतंत्र निवड करावी आणि त्या निवडींच्या जोडीने पुढची गाठ ठरावी.

गुणांचे प्रमाण जुळवा. वृक्षात पुढची चाल निवडण्याच्या यूसीटी सूत्रात सरासरीत एक शोधवृत्तीची भर घालतात. ती म्हणजे एक स्थिरांक गुणिले ‘गाठीच्या भेटींचा लॉगॅरिदम भागिले चालीच्या भेटी’ याचे वर्गमूळ. पुस्तकांतला १.४ च्या आसपासचा स्थिरांक ० ते १ या गुणांसाठी आहे. गुण ० ते १०० ठेवून तोच वापरला तर शोधवृत्ती जवळपास नाहीशी होते आणि प्लेअर पहिल्या बऱ्या चालीला चिकटून बसतो. गुणांना १०० ने भागा किंवा स्थिरांक त्या प्रमाणात वाढवा. आइसलँडच्या कॅडियाप्लेअर या जीजीपी प्रोग्रामने शंभराच्या मोजमापावर ४० वापरला होता, सुरुवातीला तो आकडा घेऊन पुढे स्वतःच्या चाचण्यांवरून बदला.

गोल मधल्या स्थितीत वापरू नका. डाव संपण्याआधी त्याची किंमत काहीही असू शकते किंवा ठरलेलीच नसते.  टर्मिनल खरे झाल्यावरच विचारा.

झालेल्या चालीखालचा वृक्ष फेकून देऊ नका, पुढच्या फेरीला तोच वाढवा. आणि तुमच्याकडे नूप ही एकच चाल असली तरी विचार थांबवू नका. तो वेळ तुमच्या पुढच्या चालीचाच आहे.

तपासणी: फुली-गोळ्यात तुमचा प्लेअर दोन्ही भूमिकांत कधीही हरता कामा नये. त्यानंतर कनेक्ट फोरमध्ये (चार सोंगट्या ओळीत लावण्याचा खेळ) एका चालीत जिंकणे आणि एका चालीतला पराभव टाळणे या दोन्ही जागा दाखवून पाहा.

## टप्पा ६: घड्याळ

शोध एका थ्रेडवर, संदेशाचे उत्तर दुसऱ्यावर. शोधाने ‘आत्तापर्यंतची सर्वोत्तम चाल’ सतत लिहून ठेवावी आणि वेळ झाली की उत्तर देणाऱ्याने ती उचलावी, शोध संपण्याची वाट पाहू नये. संदेश आल्यावर सगळ्यात आधी एक कायदेशीर चाल तिथे ठेवा म्हणजे ती जागा कधी रिकामी राहणार नाही.

वेळ मोजायला सुरुवात संदेश पोहोचल्या क्षणी करा, तो वाचून झाल्यावर नाही. नियम मोठे असतील तर वाचण्यातच वेळ जातो. शेवटचे दोन सेकंद राखून ठेवा. जावात लिहिले असेल तर स्मृती साफ करणारी यंत्रणा मध्येच सगळे थ्रेड थांबवते, आणि वृक्ष मोठा झाला की तो थांबा वाढतो. म्हणून वृक्षाच्या गाठींना कमाल मर्यादा घाला.

स्टार्टक्लॉक पूर्ण वापरा. सगळ्यांचे ‘रेडी’ आले की सामना लगेच सुरू होतो, म्हणजे घाईने उत्तर दिलेत तर मिळालेला वेळ तुम्ही स्वतःच सोडलात.

## टप्पा ७: रंगीत तालीम

किमान चार धाटणीचे खेळ हवेत: एकट्याचे कोडे, पाळीपाळीने दोघांचा, एकत्र चालींचा, आणि तीन किंवा जास्त खेळाडूंचा. प्रत्येक खेळ प्रत्येक भूमिकेतून खेळवा. नावे विस्कटूनही खेळवा.

मग बिघाड मुद्दाम घडवा. स्टॉप न येता नवा स्टार्ट येऊ द्या. सामन्याच्या मध्ये अबॉर्ट पाठवा. एकापाठोपाठ पन्नास सामने प्रोग्राम बंद न करता चालवा आणि स्मृतीचा वापर चढत जातो का पाहा. मागच्या सामन्याचा शोध थ्रेड जिवंत राहून नव्या सामन्याचा वेळ खातो, हे फार वेळा घडते आणि एकेका सामन्याच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

ताकद मोजताना भूमिका आलटून-पालटून सामने घ्या, कारण पुष्कळ खेळांत पहिली भूमिकाच जड असते. दहा सामन्यांवरून सुधारणा झाली असे ठरवू नका. निदान काही शे तरी हवेत, आणि एका वेळी एकच बदल.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोड गोठवा. सामन्याच्या दिवशी प्रत्येक संदेश, त्याला दिलेले उत्तर, लागलेला वेळ आणि त्या क्षणी झालेल्या डावांची संख्या वेळेसकट फाइलमध्ये उतरू द्या. सामना हरल्यावर ती फाइल उघडून पहिला प्रश्न विचारा: पाठवलेली प्रत्येक चाल पुढच्या प्ले संदेशात जशीच्या तशी परत आली का? एखादी आली नसेल तर शोध सुधारायला बसू नका, टप्पा २ आणि ६ पुन्हा तपासा.